घरी बांधलेल्या गाडीत इंजिनाच्या मीटरना अर्थ (अर्थिंग) कसा द्यावा

इंजिनातलं पाणी १२० अंशांवर गेलेलं असतं आणि डॅशवरचा काटा १०६ दाखवत असतो. सेन्सर नवा, मीटर नवं, वायर कुठेही तुटलेली नाही. सेन्सरची बॉडी आणि मीटरचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची जोडणी, यांच्यामधल्या वाटेत कुठेतरी १० ओहमचा अडथळा शिरलाय, एवढंच. रंगाचा एक थर किंवा गंजलेला एक वॉशर तेवढ्याला पुरतो.

कंपनीच्या गाडीत ही वाट कारखान्यात ठरवलेली असते. नळ्यांची चॅसी स्वतः वेल्ड करून, पावडर कोटिंग करून, वर फायबरची बॉडी चढवून बनवलेल्या गाडीत ती आपोआप तयार होत नाही. फायबर वीज वाहत नाही, पावडर कोटिंग वाहत नाही, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे चॅसीपासून तुटलेलं असतं. अर्थची प्रत्येक वाट हाताने घालावी लागते. इथे डोळ्यांसमोर ठेवलेली गाडी साधारण अशी आहे: चौकोनी नळ्यांची चॅसी, ॲल्युमिनियमचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन, मागे ठेवलेली बॅटरी, आणि डॅशवर ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, पेट्रोल आणि व्होल्ट अशी चार मीटरं.

एक वायरवाला सेन्सर काय मोजतो

मीटरसोबत येणारा साधा सेन्सर म्हणजे बदलता रेझिस्टर. मीटरकडून आलेली एकच वायर त्याच्या टोकाला लागते. करंट आतल्या रेझिस्टरमधून जातो, सेन्सरच्या आट्यांमधून इंजिन ब्लॉकमध्ये उतरतो आणि तिथून मीटरच्या अर्थपर्यंत परत येतो. परतीच्या वाटेवर जो काही अडथळा असेल तो मीटर सेन्सरच्याच खात्यात धरतं. सेन्सरचे ओहम कुठले आणि गंजाचे कुठले, हे त्याला कळत नाही.

आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या व्हीडीओ (VDO या मीटर कंपनीच्या) पद्धतीच्या १२० अंशी तापमान सेन्सरचे आकडे असे: ८० अंशांना साधारण ६९ ओहम, १०० अंशांना ३८, १२० अंशांना २२. पाणी तापतं तसे ओहम उतरतात. म्हणजे वाटेत ज्यादा ओहम आले की मीटरला पाणी थंड वाटतं, आणि इंजिन जितकं जास्त तापलेलं तितकी चूक मोठी होते. १०० अंशांना १० ओहम शिरले तर काटा सुमारे ८ अंश खाली राहतो, १२० ला सुमारे १४ अंश.

ऑइल प्रेशरचा सेन्सर उलटा चालतो. शून्य दाबाला १० ओहम, पूर्ण दाबाला १८४. इथे ज्यादा ओहम म्हणजे ज्यादा दाब. १० बारच्या मीटरवर १७ ओहमांमागे साधारण एक बार पडतो. गरम इंजिन आयडलवर असताना खरा दाब अर्धा बार उरला असेल तर १० ओहमच्या खराब अर्थमुळे काटा १ बारच्या वर दिसेल. पेट्रोलच्या टाकीतली पातळी मोजणारा १० ते १८० ओहमचा फ्लोटही याच जातीचा, तो टाकी असेल त्यापेक्षा भरलेली दाखवतो.

खराब अर्थची ही खोटी बातमी तिन्ही मीटरवर दिलासा देणारीच असते: पाणी थंड, ऑइल भरपूर, पेट्रोल पुरेसं. चालवणारा निर्धास्त राहतो आणि हेड गॅस्केट जाते किंवा बेअरिंग धरतं. म्हणून या कामाला वायरिंगच्या यादीत शेवटी ठेवू नका.

एक सावधगिरी. अमेरिकन पद्धतीचे सेन्सर २४० ते ३३ ओहमचे असतात आणि त्यांत रिकाम्याला किंवा शून्य दाबाला २४० असतात. त्यांच्यात खराब अर्थ दाब कमी दाखवतो. दोन पद्धती एकमेकांत चालत नाहीत. मीटर एका पद्धतीचं आणि सेन्सर दुसऱ्या पद्धतीचा असेल तर अर्थ कितीही चांगला केला तरी आकडे जुळणार नाहीत, त्यामुळे खरेदी करताना दोन्हींवरचे ओहम वाचून घ्या.

दुसरा रोग: दुसऱ्याचा करंट

अर्थच्या वाटेत ओहम जवळपास शून्य असले तरी काटा चुकू शकतो. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो. हेडलाइट, रेडिएटरचा पंखा, फ्युएल पंप यांचा करंट चॅसीत येतो आणि अल्टरनेटरकडे परतताना चॅसी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यावरून जातो. पट्ट्याचा अडथळा फक्त ०.०१ ओहम असला आणि ३० अँपिअर वाहिले तर त्याच्या दोन टोकांत ०.३ व्होल्टचा फरक पडतो. मीटरचा अर्थ चॅसीवर घेतलेला असेल तर त्याच्या दृष्टीने इंजिन ब्लॉक शून्याच्याही ०.३ व्होल्ट खाली गेलेला असतो. सेन्सरमधून थोडा जास्त करंट खेचला जातो आणि तापमानाचा काटा वर सरकतो.

दिवे लावले की पाण्याचा काटा चार-पाच अंश वर जातो, बंद केले की परत येतो, ही तक्रार ऐकली की थर्मोस्टॅटला हात लावायच्या आधी अर्थचा पट्टा बघा. पाणी दोन सेकंदांत पाच अंश तापत नाही, काटा उडी मारतो तेव्हा ती वीजच असते.

या दोन्ही रोगांवर इलाज एकच. मीटर ज्या अर्थवर उभं आहे तो आणि सेन्सर ज्या धातूत बसलाय तो, दोन्ही एकाच जागी भेटले पाहिजेत, आणि त्या वाटेवरून बाकी कोणाचाही करंट जाता कामा नये.

आधी मोठी वाट

बॅटरीचं निगेटिव्ह पहिल्यांदा इंजिनाकडे न्या, चॅसीकडे नंतर. स्टार्टर गाडीतला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, तो १०० ते २०० अँपिअर खेचतो आणि त्याचा अर्थ म्हणजे त्याची स्वतःची बॉडी. बॅटरी पुढे असेल आणि केबल मीटरभराची असेल तर २५ चौ.मिमी. पुरते. बॅटरी मागे असेल तर ३५ चौ.मिमी. घ्या. ३५ ची केबल मीटरला साधारण अर्धा मिलिओहम अडवते. साडेतीन मीटरला १.७ मिलिओहम, म्हणजे १५० अँपिअरला पाव व्होल्ट. एवढं चालतं.

केबल वाचवायला चॅसीच्या नळीतूनच स्टार्टरचा करंट परत आणण्याचा मोह होतो. हिशेब केला तर ते अगदीच अशक्य नाही: लोखंड तांब्यापेक्षा साधारण नऊपट अडवतं, तरी २५ बाय २५ ची १.६ मिमी जाडीची एक नळी १६ चौ.मिमी. तांब्याच्या तोडीची ठरते, आणि वेल्डचे जोड उत्तम असतात. त्रास देतात ते दोन टोकांचे बोल्ट. दोन बोल्ट जास्त म्हणजे गंजायच्या दोन जागा जास्त. केबलच टाका.

इंजिनाच्या बाजूचं टोक गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगच्या बोल्टवर किंवा स्टार्टरच्या बोल्टजवळ द्या. रॉकर कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड, अल्टरनेटरची ॲडजस्टिंग पट्टी या जागा टाळा. त्या बहुधा गॅस्केटवर किंवा रबरावर बसलेल्या असतात.

त्यानंतर इंजिन ते चॅसी असा वेगळा पट्टा. विणलेल्या तांब्याचा, १६ ते २५ चौ.मिमी., लांबी ३०० मिमीच्या आत, पण इंजिन हललं तरी ताण येणार नाही इतका सैल. असे दोन पट्टे दोन बाजूंना द्या. हा पट्टा विसरला तर गाडी सुरू होतेच, आणि तिथेच फसगत होते. करंट ॲक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल, प्रॉपेलर शाफ्ट, मिळेल त्या वाटेने परततो. ॲक्सिलरेटर केबलचं आवरण वितळून केबल आतच धरली असेल तर नवी केबल टाकण्याआधी हा पट्टा तपासा.

एक अर्थ स्टड नीट कसा करायचा

चॅसीवर पावडर कोटिंग होण्याआधीच एम८ चे (८ मिमी बोल्टचे) वेल्ड नट लावून घ्या: एक बॅटरीजवळ, एक इंजिनाच्या पट्ट्याजवळ, एक डॅशमागे, एक मागच्या दिव्यांपाशी. कोटिंगला देताना त्यांत बोल्ट घालून द्या म्हणजे आटे भरणार नाहीत. पातळ नळीत भोक पाडून आपोआप आटे पाडणारा स्क्रू मारू नका. दीड मिमीच्या पत्र्यात आट्यांचे दोनच फेरे धरतात आणि हादऱ्याने सुटतात.

कोटिंगनंतर नटाभोवती थिंबलच्या (केबलच्या टोकाला बसवायच्या भोकाच्या चकतीच्या) आकाराएवढीच गोल जागा घासा, चकाकता धातू दिसेपर्यंत. ८० नंबरचा पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून घासलं तर कडेचं कोटिंग शाबूत राहतं. मग क्रम असा: धातू, त्यावर तांब्याचं कथिल चढवलेलं थिंबल, त्यावर दातेरी वॉशर, त्यावर बोल्ट. थिंबल थेट धातूवर टेकलं पाहिजे, मधे साधा वॉशर नको. एका स्टडवर तीनपेक्षा जास्त थिंबलं चढवू नका, आणि सगळ्यात जाड केबलचं थिंबल तळाला. एम८ बोल्ट २० ते २२ न्यूटन मीटर आवळा, एम६ असेल तर ९. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या किंवा रंगाचा हात फिरवा. जेली आधी लावून मग आवळली तरी बिघडत नाही, कारण दाबाखाली ती बाजूला होते. रंग मात्र आवळल्यानंतरच.

इंजिन ॲल्युमिनियमचं असेल तर तिथे स्टेनलेसचा बोल्ट आणि खारी हवा ही जोडी वाईट. कोकणात किंवा मुंबईत गाडी उघड्यावर राहत असेल तर दोन पावसाळ्यांत बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. झिंक चढवलेला बोल्ट घ्या आणि कडा जेलीने झाकून टाका.

थिंबलं क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, सोल्डर करू नका. सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतो, तो जिथे थांबतो तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. २५ आणि ३५ ची थिंबलं हातोडीने ठोकून बसत नाहीत. बॅटरीच्या दुकानात हायड्रॉलिक क्रिंपर असतो, केबल मापून नेऊन तिथून दाबून आणा. त्यावर आत गोंद असलेली हीट स्लीव्ह चढवा.

सेन्सरची बैठक

ब्लॉकमधलं मूळ ऑइल स्विचचं भोक जपानी घराण्याच्या इंजिनात सहसा १/८ बीएसपी टेपर (ब्रिटिश पाइप आटे) असतं, इंचाला २८ आटे. बाजारातला सेन्सर बहुधा १/८ एनपीटी (अमेरिकन पाइप आटे), म्हणजे २७ आटे, किंवा एम१० बाय १. तिन्ही एकमेकांत दोन फेरे सहज जातात आणि मग अडकतात. तिथे पाना लावून जोर केला तर ॲल्युमिनियमचा बॉस (भोकाभोवतीचा उंचवटा) चिरतो, आणि बसलाच तरी दोन आट्यांवर टेकलेला सेन्सर ना धड ऑइल अडवतो ना धड अर्थ देतो. आट्यांचा गेज लावून खात्री करा आणि योग्य पितळी ॲडॉप्टर वापरा.

टेफ्लॉन टेपबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. टेपर आट्यांमध्ये आवळताना धातू टेपला कापून धातूला भिडतो, त्यामुळे एक-दीड फेरा टेपने अर्थ सहसा जात नाही. चार-पाच फेरे गुंडाळले तर मात्र सेन्सर टेपवरच घट्ट होतो, आट्याला आटा लागतच नाही. टेप लावायचीच तर दीड फेरा, आणि टोकाचे दोन आटे मोकळे, म्हणजे टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत जाणार नाही. त्यापेक्षा द्रव थ्रेड सीलंटचा एक थेंब बरा. आवळताना पाना षट्कोनावरच लावा, वरच्या डब्याला पकड लावली की आतली यंत्रणा गेली.

आता ज्या जागा हमखास फसवतात त्या.

रेडिएटरचा पाइप कापून त्यात बसवायचं ॲल्युमिनियमचं ॲडॉप्टर. दोन्ही बाजूंना रबर, म्हणजे सेन्सर हवेत लटकलेला. त्याला अर्थ कुठूनच नाही. पाण्यातून थोडी वीज वाहते म्हणून काटा किंचित हलतो आणि सेन्सर खराब आहे असं वाटतं. ॲडॉप्टरवर एम४ चं भोक पाडून आटे काढा, किंवा पाइपच्या क्लिपखाली न येणाऱ्या कडेला पट्टी लावा, आणि तिथून १.५ चौ.मिमी.ची वायर इंजिन ब्लॉकवर आणा.

ऑइल फिल्टरखालची सँडविच प्लेट. निळी-लाल-काळी दिसते ती अ‍ॅनोडायझिंगमुळे, आणि अ‍ॅनोडायझिंग वीज अडवतं. प्लेट ब्लॉकला रबरी ओ-रिंगवर टेकते, मधला बोल्टच काय तो धातूचा संबंध. सेन्सरच्या भोकातले आटे बहुतेक वेळा रंगानंतर काढलेले असतात म्हणून चालून जातं, पण गृहीत धरू नका, मोजा.

प्लास्टिकचं थर्मोस्टॅट हाउसिंग. बऱ्याच नव्या इंजिनांत हेच असतं. तिथे एक वायरवाला सेन्सर चालणारच नाही.

बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बसवलेला प्रेशर सेन्सर. व्हीडीओचा डबा जड असतो, ब्लॉकवर लांब पितळी ॲडॉप्टरला लावला तर हादऱ्याने ॲडॉप्टर तुटतो आणि ऑइल एग्झॉस्टवर सांडतं. म्हणून छोटा होज टाकून तो बाजूला बसवणं अगदी योग्य. फक्त होजच्या स्टीलच्या जाळीला अर्थ मानू नका. सेन्सरच्या षट्कोनाखाली क्लॅम्प लावून ब्लॉकपर्यंत स्वतंत्र वायर न्या.

या चारही ठिकाणी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन टोकांचा, बॉडीपासून वेगळा ठेवलेला सेन्सर. त्याच्या एका टोकावर जी, दुसऱ्यावर एम लिहिलेलं असतं. जी मीटरला, एम अर्थला. मात्र जी आणि डब्ल्यूके लिहिलेला सेन्सर वेगळा, त्यातलं डब्ल्यूके हे कमी दाबाच्या लाल दिव्यासाठी असतं. त्याला अर्थ जोडला तर दिवा कायम पेटता दिसेल, इतकंच.

डॅशमागची पट्टी

डॅशमागे दोन वेगळ्या अर्थ पट्ट्या लावा, दोन्ही इन्सुलेटेड पायावर. पहिलीवर फक्त मीटरांचे अर्थ. तिथून २.५ चौ.मिमी.ची एकच वायर थेट इंजिन ब्लॉकवर, सेन्सरच्या जवळच्या बोल्टला. चार मीटरांचा मिळून करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास, दोन मीटर वायरमध्ये जेमतेम ७ मिलिव्होल्ट पडतात, काट्याला ते जाणवत नाहीत. दुसरी पट्टी मीटरमधले दिवे, इंडिकेटर, हॉर्नचा रिले, वायपर यांची. ती चॅसीच्या स्टडवर.

पहिली पट्टी चॅसीला कुठेही लागता कामा नये. लागली तर मोठ्या पट्ट्याशी समांतर अशी बारीक वाट तयार होते आणि तो पट्टा सैल झाल्याच्या दिवशी सगळ्या गाडीचा करंट या २.५ च्या वायरवर येतो. डॅश ॲल्युमिनियमचा असेल आणि मीटरची डबी लोखंडी असेल तर डबीचा अर्थशी संबंध आहे का ते मल्टिमीटरने पाहा. असेल तर मीटर आणि पत्र्याच्या मधे रबरी रिंग आणि क्लॅम्पखाली फायबरचा वॉशर घाला. स्टार्टर मारताना ही वायर हाताला कोमट लागली तर मोठी वाट बिघडलीय असं समजा.

जुन्या गाडीचा अख्खा मीटर क्लस्टर उचलून लावणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. बायमेटलवाल्या (तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणाऱ्या) मीटरमागे १० व्होल्टचा छोटा स्टॅबिलायझर असतो आणि त्याचा अर्थ त्याच्या पत्र्याच्या डबीतून जातो. क्लस्टर फायबरच्या डॅशवर बसवला की तो अर्थ सुटतो, मीटरना १० ऐवजी पूर्ण व्होल्टेज मिळतं, आणि तापमान व पेट्रोल दोन्ही काटे एकदम वर जातात. डबीला एक वायर लावली की काम झालं.

टाकीच्या फ्लोटचा अर्थ मागच्या चॅसीवर न देता पहिल्या पट्टीपर्यंत आणा, सिग्नलच्या वायरसोबतच. टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली असते, म्हणून तिचा पत्रा आणि पेट्रोल भरायची नळी या दोन्हींना चॅसीपर्यंत वेगळी वायर द्या. ती मीटरसाठी नाही, पेट्रोल भरताना साठणारा स्थिर विद्युतभार उतरवायला आहे. टाकीपाशी काम करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि घासण्याचं काम टाकी बसवण्यापूर्वीच उरका.

तीन वायरचे आणि ईसीयूचे सेन्सर

५ व्होल्टवर चालणारा प्रेशर सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो. १० बारच्या सेन्सरमध्ये ०.१ व्होल्ट म्हणजे पाव बार. त्याचा अर्थ ब्लॉकवर अजिबात देऊ नका, मीटरच्या किंवा ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) सेन्सर ग्राउंड पिनवरच परत न्या. ईसीयूचे दोन वायरवाले तापमान सेन्सरही तसेच. इथे आधीचा नियम मोडत नाही: तेव्हा सेन्सर ब्लॉकला बांधलेला होता म्हणून मीटरला ब्लॉककडे नेलं, आता सेन्सर मोकळा आहे म्हणून त्याला मीटरकडे आणायचं.

वाइडबँड लॅम्ब्डाच्या (एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) हीटरला काही अँपिअर लागतात. त्याचा अर्थ आणि सिग्नलचा अर्थ अशा दोन वायर असतील तर त्या वाटेत एकत्र करू नका. ० ते ५ व्होल्टला १० ते २० एएफआर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) अशी मांडणी असेल तर ०.१ व्होल्टची चूक म्हणजे ०.२ एएफआर, ट्यूनिंग बिघडवायला पुरेसं. क्रँक सेन्सरच्या केबलची जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा, इंजिनाच्या टोकाला कापून स्लीव्ह चढवा. दोन्ही टोकं जोडली तर जाळीतूनच करंट फिरू लागतो.

तपासणी

मोठ्या केबलवर ओहमची तपासणी काही कामाची नाही. पट्ट्याच्या शंभर तारांतली एक जरी शिल्लक असली तरी मल्टिमीटर ०.२ ते ०.३ ओहम दाखवून मोकळं होतं, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचेच तेवढे ओहम असतात. करंट वाहत असताना व्होल्ट मोजा.

१. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नको, दुसरं ब्लॉकवर घासलेल्या जागी. इग्निशन कॉइलचा प्लग काढून स्टार्टर मारा. ०.३ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर काळं टोक तसंच ठेवून लाल टोक क्लॅम्प, थिंबल, बोल्ट असं पुढे सरकवत जा, जिथे आकडा उडी मारतो तो जोड खराब.

२. इंजिन चालू, हेडलाइट, पंखा, वायपर सगळं चालू. ब्लॉक ते चॅसी: ०.१ व्होल्टच्या आत.

३. तसंच सगळं चालू ठेवून मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर. मीटरांची अर्थ पट्टी ते प्रत्येक सेन्सरचा षट्कोन: २० मिलिव्होल्टच्या आत. ५० च्या वर गेलं तर पुढे जाऊ नका, आधी कारण शोधा.

यानंतर खरी परीक्षा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून २२, ३९ आणि ६८ ओहमचे २ वॉटचे रेझिस्टर आणा, काही रुपयांचं काम. तापमान मीटरच्या सेन्सर टोकाची वायर काढून तिथे ३९ ओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याचं दुसरं टोक डॅशमागच्या अर्थ पट्टीला टेकवा. काटा १०० अंशांवर यायला हवा. ६८ ला ८०, २२ ला १२०. दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतील, ती मीटरची आपली चूक. ती लिहून ठेवा.

मग वायर परत जोडा आणि इंजिनापाशी या. सेन्सरवरची वायर काढून तिला तोच रेझिस्टर लावा, दुसरं टोक सेन्सरच्या षट्कोनावर घट्ट दाबा. ब्लॉकवर नको, षट्कोनावरच, कारण आट्यांची परीक्षा त्यातच होते. डॅशवर आधी आलेलाच आकडा आला पाहिजे. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढी तुमच्या अर्थची चूक. इंजिन चालू करून, सगळे दिवे लावून पुन्हा पाहा. रेझिस्टर गरम होतो, पकडीत धरा आणि काम झालं की काढा. इंजिनाच्या फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, थर्मोस्टॅटवर चालणारा पंखा बंद इंजिनातही अचानक फिरतो.

काट्यावरून निदान

तापमानाचा काटा तळाला पडून राहिला तर वायर तुटलीय किंवा सेन्सरला अर्थच नाही. ऑइलचा काटा त्याच कारणाने उलट वर जाऊन चिकटतो. तापमान एकदम शेवटाला गेलं आणि ऑइल शून्यावर आलं तर वायर कुठेतरी सोलून धातूला लागलीय, एग्झॉस्टजवळ आधी बघा.

सगळी मीटरं एकदम वर किंवा खाली सरकली तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी, म्हणजे अर्थ पट्टी किंवा तिची ब्लॉककडे जाणारी वायर. एकच मीटर हललं तर त्याचा सेन्सर. इंडिकेटरच्या तालावर काटा नाचत असेल तर मीटरचा आणि दिव्यांचा अर्थ कुठेतरी एकत्र झालाय, बहुतेक मीटरमधल्या बल्ब होल्डरच्या पत्र्यातून. होल्डरवर स्वतंत्र अर्थचं टोक असलेला बल्ब लावला की ते थांबतं.

थंड इंजिनात सगळं बरोबर आणि गरम झाल्यावरच आकडे घसरत असतील तर सेन्सरच्या आट्यांकडे किंवा ॲडॉप्टरकडे जा. ॲल्युमिनियम आणि पितळ वेगवेगळं प्रसरण पावतं, सैल बसलेला आटा उष्णतेनेच सुटतो. खड्ड्यात हबकल्यावरच काटा झटका देतो तो मात्र थिंबलचा क्रिंप. वायर हाताने हलवत दुसऱ्या कोणाला काट्याकडे बघायला सांगा. एकट्याने करायचं तर मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर लावून समोर ठेवा आणि एकेक जोड हलवत चला.

तिसऱ्या पायरीतले मिलिव्होल्ट प्रत्येक सेन्सरपुढे लिहून कागद लॅमिनेट करा आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणाआत चिकटवा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, तेच तीन आकडे पुन्हा मोजा. ८ चे १५ झाले तर जोड उघडून घासा आणि जेली लावा. ८ चे ६० झाले तर थिंबल कापून नवं दाबा, कारण तोवर हिरवा गंज स्लीव्हच्या आत तारांमध्ये शिरलेला असतो आणि बाहेरून घासून तो निघत नाही.